टाय आणि स्लर: म्यूझस्कोरमधे या कमानी नीट कशा बसवायच्या

"ताई, हा ध एकदाच वाजवायचा का दोनदा?"

रविवारच्या प्रॅक्टिसला आठवीतल्या एका मुलीने हे विचारलं. तिच्या स्टँडवरचा कागद हातात घेऊन बघितला तेव्हा कळलं की तिचं काहीच चुकत नव्हतं, कागदच चुकीचा होता. नाशिकला गंगापूर रोडवर मी व्हायोलिन शिकवते, नऊ जणांचा ग्रुप आहे, त्यांच्यासाठी भूप रागातली एक छोटी गत मी स्टाफ नोटेशनमधे, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य पद्धतीने, लिहिली होती. त्यात दुसऱ्या बारच्या (उभ्या रेषांनी पाडलेल्या मात्रांच्या गटाला बार म्हणतात) शेवटच्या मात्रेला सुरू होणारा ध तिसऱ्या बारमधे अजून दोन मात्रा लांबतो. ती लांबी दाखवायला टाय, म्हणजे तोच सूर लांबवणारी कमान, द्यायचा असतो, मी घाईत स्लर, म्हणजे वेगवेगळे सूर एकत्र बांधणारी कमान, दिला होता. त्यात भर म्हणजे ओळ नेमकी तिथेच तुटलेली, अर्धी कमान वरच्या ओळीच्या शेवटी लटकतेय आणि अर्धी खालच्या ओळीच्या सुरुवातीला. निम्म्या मुलांनी ध दोनदा वाजवला, निम्म्यांनी एकदा. आणि व्हॉट्सॲपवर मी ऐकायला जो ट्रॅक टाकला होता तो त्याच फाइलमधून काढलेला, त्यातही ध दोनदाच वाजत होता, म्हणजे ज्यांनी घरी मन लावून ऐकलं नेमकी तीच मुलं चुकली. मला त्याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी या कमानींकडे नीट लक्ष द्यायला लागले आणि जे हाताशी आलं ते इथे सविस्तर लिहितेय. मी म्यूझस्कोर वापरते, ते नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं, आता त्याचं नाव म्यूझस्कोर स्टुडिओ झालंय. खाली ज्या कीज सांगतेय त्या चौथ्या व्हर्जनच्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड समजा.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, कारण बहुतेक जण उलट क्रमाने जातात आणि मग तासन्‌तास कमानी ओढत बसतात. आधी अर्थ बघायचा, म्हणजे हा टाय आहे का स्लर. मग कमान कुठल्या नोटपासून कुठल्या नोटपर्यंत आहे ते पक्कं करायचं. मग दिशा, वर का खाली. मग पानाची मांडणी, ओळी कुठे तुटतात ते. आणि या सगळ्यानंतर, अगदी शेवटी, आकाराला हात लावायचा. हा क्रम पाळला तर दहातल्या आठ कमानींना हात लावायची वेळच येत नाही.

टाय का स्लर

दिसायला दोन्ही कमानीच, म्हणून गोंधळ होतो. पण आपल्याकडे भातखंडे पद्धतीची स्वरलिपी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे एका मिनिटात कळेल. "सा - - -" असं लिहितो तेव्हा त्या आडव्या रेघा काय करतात? तोच सा पुढच्या मात्रांवर लांबवतात, नवीन सूर लागत नाही. टायचं काम तेच. एकाच उंचीच्या दोन नोट जोडून एक लांब नोट करायची, दुसरी नोट नव्याने वाजवायची नाही. आणि स्वरांच्या डोक्यावर मींडेची कमान असते ना, ती वेगवेगळ्या स्वरांना एकत्र बांधते, स्लर त्या घरातला. फक्त स्लर म्हणजे मींड नव्हे हं, व्हायोलिनवर स्लर म्हणजे एका बोमधे (गजाच्या एका ओढीत), बासरीवर किंवा क्लॅरिनेटवर मधे जीभ न लावता, पियानोवर सूर तुटू न देता, आणि गाण्यात एक अक्षर अनेक सुरांवर. घसरत जायचं असेल तर त्याला वेगळी खूण आहे. आणखी एक सावधगिरी, भातखंडे पद्धतीत स्वरांच्या खाली कमान असते ती एका मात्रेत किती स्वर बसवायचे ते सांगते, तिचा स्लरशी काही संबंध नाही. स्वरलिपीतून स्टाफवर उतरवताना खालची कमान बघून स्लर देणारे मी पाहिलेत, तिथे खरं तर एट्थ नोट (अर्ध्या मात्रेची) किंवा सिक्स्टीन्थ नोट (पाव मात्रेची) हवी असते. (स्वरलिपीचा विषय निघालाच आहे तर, विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वतःची वेगळी स्वरलिपी केली होती, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या नाशिकात येऊन राहिले होते. पंचवटीतून जाताना मला दर वेळी ते आठवतं.)

टायच्या जागी स्लर पडला तर फक्त वाजण्यात चूक होते असं नाही. यमन घ्या, सा म्हणजे डी धरला तर तीव्र म म्हणजे जी शार्प (शार्प म्हणजे सूर अर्धी पायरी चढवायची खूण). हा तीव्र म बारच्या रेषेपलीकडे टायने लांबवला तर पलीकडच्या नोटला पुन्हा शार्प लावायची गरज नसते, टाय तो शार्प सोबत घेऊन जातो. पण तिथे स्लर असेल आणि पलीकडे शार्प नसेल तर वाचणारा शुद्ध म वाजवणार, कारण बारच्या रेषेला शार्पचा हक्क संपतो. यमनात शुद्ध म! आणि कागदावर दोन्ही कमानी सारख्याच दिसतायत, म्हणजे चूक शोधायची कुठे तेही कळत नाही.

आपलं उदाहरण

पुढचं सगळं मी त्या भूपाच्याच चार बारवर सांगते, शक्य असेल तर म्यूझस्कोर उघडून सोबत लिहून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ट्रेबल क्लेफ (ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह), दोन शार्पची की सिग्नेचर (त्याच्या शेजारी लिहिलेले शार्प), चार-चार (एका बारमधे चार मात्रा). सा म्हणजे डी, व्हायोलिनची मोकळी तार. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार बार.

पहिला बार: सा दोन मात्रा, रे एक, ग एक.
दुसरा बार: प तीन मात्रा, ध एक.
तिसरा बार: ध दोन मात्रा (मागचाच, चालू), प एक, ग एक.
चौथा बार: रे दोन मात्रा, सा दोन मात्रा.

बोइंग असं हवंय: सा-रे-ग एका बोमधे, प स्वतंत्र, मग ध-प-ग एका बोमधे, शेवटी रे-सा एका बोमधे. चार बो.

टाय टाकणं

दुसऱ्या बारमधल्या ध वर क्लिक करा आणि टी दाबा. पुढच्या बारमधला ध आपोआप जोडला जाईल. पुढे तोच सूर नसेल तर टाय बसणारच नाही, आणि टी ची ही सवय मला फार आवडते कारण ती आपली चूक तिथल्या तिथे पकडते. टाय बसत नाहीये म्हणून वैतागून स्लर देऊन टाकू नका, आधी पुढची नोट खरंच तीच आहे का ते बघा. कित्येकदा आपण पलीकडे शार्प लावायलाच विसरलेलो असतो, किंवा नोट वेगळ्या सप्तकात पडलेली असते.

नोट लिहितानाच टाय द्यायचा असेल तर अजून सोपं. पहिला ध लिहिला, पुढच्या नोटची लांबी निवडली, टी दाबला की तोच ध टायसकट लिहिला जातो.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, असेल तर लक्षात ठेवा, प्रत्येक सुराला आपला आपला टाय लागतो. कीबोर्डवर तीन सुरांची कॉर्ड दुसऱ्या बारमधे धरून ठेवायचीय तर तीन टाय. सगळी कॉर्ड सिलेक्ट करून टी दाबलं की तिन्ही येतात, एकच नोट सिलेक्ट असेल तर एकच येतो आणि मग बाकीचे दोन सूर पुन्हा वाजतात. स्लरचं उलटं, कॉर्डना स्लर एकच पुरतो.

स्लर टाकणं

पहिल्या बारमधल्या सा वर क्लिक, मग शिफ्ट धरून ग वर क्लिक, मग एस. सा पासून ग पर्यंत कमान येते. एकच नोट सिलेक्ट करून एस दाबलं तर तिथून पुढच्या नोटपर्यंतच येते. लिहिता लिहिता द्यायचा असेल तर पहिली नोट लिहून एस, पुढच्या नोट लिहीत जा, कमान सोबत लांबत जाते, संपवायचं तिथे पुन्हा एस.

आता ध-प-ग चा स्लर. इथे जवळजवळ सगळे चुकतात, मीही वर्षानुवर्षं चुकत होते. ध दोन तुकड्यांत लिहिलाय, दुसऱ्या बारमधे एक मात्रा आणि तिसऱ्यात दोन. स्लर कुठून सुरू करायचा? पहिल्या तुकड्यापासून. टायने जोडलेली नोट ही एकच नोट आहे, त्यामुळे स्लरने ती अख्खी पोटात घ्यायची. सुरुवातीला टाय असेल तर टायच्या पहिल्या नोटपासून, शेवटी टाय असेल तर टायच्या शेवटच्या नोटपर्यंत. तिसऱ्या बारमधल्या ध पासून स्लर सुरू केला तर दोन कमानी एकमेकींना टेकून उभ्या राहतात, पहिली ध-ध आणि दुसरी ध-प-ग, आणि वाजवणाऱ्याला वाटतं की दुसऱ्या ध ला बो बदलायचाय. माझ्या त्या कागदावर हेच झालं होतं.

म्हणून दुसऱ्या बारमधल्या ध वर क्लिक, शिफ्ट धरून तिसऱ्या बारच्या ग वर क्लिक, एस. टाय आत आणि स्लर बाहेर, अशा दोन कमानी एकावर एक दिसल्या पाहिजेत.

कमान कुठल्या नोटला बांधलीय

स्लरवर क्लिक केलं की त्यावर छोटी चौकोनी हँडल दिसतात. टोकाचं हँडल सिलेक्ट केलं की तिथून त्याच्या नोटकडे एक तुटक रेघ जाते, ती रेघ बघायची सवय लावा. स्लर दिसतोय कुठे आणि बांधलाय कुठे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोक नुसत्या बाणाच्या कीने सरकवलं तर फक्त चित्र सरकतं, गाठ तिथेच राहते. गाठ सोडून पुढच्या नोटला बांधायची असेल तर शिफ्ट धरून उजवा बाण, मागच्या नोटला बांधायची तर शिफ्ट आणि डावा बाण.

हा फरक कळला नाही की पुढे भोगावं लागतं. समजा स्लर एक नोट कमी पडलाय आणि तुम्ही टोक ओढून पुढच्या नोटवर नेलं, स्क्रीनवर झक्क दिसतं. मग कोणी म्हणालं एक बार ॲड करा, ओळीत जागा बदलली, आणि ते टोक भलत्याच ठिकाणी हवेत लोंबकळायला लागतं, कारण गाठ मागच्याच नोटला होती. माऊसने ओढताना उलटंही होतं, टोक दुसऱ्या नोटच्या डोक्यावर गेलं तर ते तिथे जाऊन चिकटू शकतं. त्यामुळे बारीक सरकवायला मी माऊस वापरतच नाही, बाणाच्या कीज वापरते. नुसता बाण म्हणजे एका स्पेसचा दहावा भाग, कंट्रोल धरून बाण म्हणजे पूर्ण एक स्पेस. स्पेस म्हणजे स्टाफच्या दोन रेषांमधलं अंतर, नोटेशनमधे सगळी मापं त्यातच मोजतात.

वर का खाली

कमान उलटवायला एक्स. टायला, स्लरला, दोन्हीला चालतं. पण एक्स दाबण्याआधी नियम माहीत हवा, कारण सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बरोबर असतं आणि आपण उगाच उलटवतो.

एका स्टाफवर एकच आवाज असेल तर कमान नोटच्या डोक्याच्या (गोल भागाच्या) बाजूला, म्हणजे दांडीच्या (त्याला जोडलेल्या उभ्या रेघेच्या) विरुद्ध. दांड्या वर तर कमान खाली, दांड्या खाली तर कमान वर. स्लरच्या आत काही दांड्या वर आणि काही खाली असतील तर कमान वर. एका स्टाफवर दोन आवाज असतील, पहिला व्हायोलिन आणि दुसरा व्हायोलिन एकाच ओळीत लिहिलेत असं, तर दांड्या बघायच्याच नाहीत, वरच्या आवाजाच्या कमानी वर आणि खालच्याच्या खाली.

आपल्या उदाहरणात लावून बघा. सा, रे, ग तिन्ही स्टाफच्या खालच्या भागात, दांड्या वर, म्हणून स्लर खाली. ध मात्र बरोबर मधल्या रेषेवर आहे, त्याची दांडी खाली, म्हणून टाय वर. ध-प-ग मधे ध ची दांडी खाली आणि प, ग च्या वर, मिश्र झालं, म्हणून स्लर वर. म्हणजे इथे टाय पण वर आणि स्लर पण वर, आणि नेमकी इथेच गर्दी होते. टाय नोटच्या डोक्यांना लागून, चपटा, एका डोक्याच्या उजव्या बाजूपासून दुसऱ्याच्या डाव्या बाजूपर्यंत. स्लर त्याच्या वरून, डोक्याच्या मध्यापासून निघणारा, जास्त उंच. दोघांमधे कागदाची पांढरी फट दिसली पाहिजे. ती फट दिसत नसेल तर टाय नाही उचलायचा, स्लर उचलायचा. टायला त्याच्या नोटजवळच राहू द्या.

कॉर्डच्या टायचं वेगळं आहे. सगळ्यात वरच्या सुराचा टाय वर, सगळ्यात खालच्याचा खाली, मधले आपापल्या बाजूने वाटून घेतात. दोन सूर अगदी शेजारी असतील, प आणि ध एकत्र वाजतायत समजा, तर वरच्या ध चा टाय वर आणि प चा खाली, नाहीतर दोन्ही कमानी एकमेकींत घुसतात.

मांडणी आधी, आकार नंतर

आता हँडल ओढायची फार घाई होते, पण थांबा. पेज व्ह्यूमधे या, कारण सलग व्ह्यूमधे ओळी तुटतच नाहीत आणि खरं पान दिसत नाही. पेज सेटिंग्जमधे जाऊन स्टाफ केवढा हवा ते ठरवा. म्यूझस्कोरमधे एक स्पेस साधारण १.७५ मिमी असते, म्हणजे पाच रेषांची उंची ७ मिमी. लहान मुलं दोघं मिळून एका स्टँडवरून वाचतात, त्यामुळे मी ७ मिमीच्या खाली जात नाही, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ८ देते. मग ओळी कुठे तुटाव्यात ते ठरवा, बारची रेषा सिलेक्ट करून एंटर दाबलं की ओळ तिथे तुटते, पुन्हा एंटर दाबलं की तुटणं निघून जातं. पानासाठी कंट्रोल आणि एंटर.

ओळ तोडताना माझा एक हट्ट असतो की टाय दोन ओळींत तुटू द्यायचा नाही. प्रत्येक वेळी जमत नाही, पण जमलं तर वाचणाऱ्याचे उपकारच होतात. आपल्या गतीत ओळ दुसऱ्या बारनंतर तुटत होती, मी चौथ्या बारनंतर तोडली आणि निम्मा प्रश्न तिथेच संपला, एकही हँडल न ओढता. तीनतालाचं एक आवर्तन एका ओळीत, मुलांनाही मोजायला बरं. तुटलाच टाय, तर वरच्या ओळीचा तुकडा शेवटच्या बारच्या रेषेपर्यंत पोचलाय आणि खालच्या ओळीचा तुकडा क्लेफ आणि की सिग्नेचर संपल्यावर सुरू होतोय ना, एवढं बघा, आणि नोटला मधे आलेला शार्प किंवा फ्लॅट असेल तर नवीन ओळीवर तो कंसात पुन्हा दाखवा. नियमाने गरज नसते, पण डोळा वरच्या ओळीवरून खाली येईपर्यंत माणूस शार्प विसरतो.

मांडणी नंतर का नाही? कारण हाताने बदललेला आकार त्या मांडणीपुरताच खरा असतो. ओळी बदलल्या की एकाची दोन तुकडे झालेली कमान किंवा दोनाची एक झालेली कमान, तुमची मेहनत त्यावर नीट बसत नाही. असं झालं तर कमान सिलेक्ट करून कंट्रोल आणि आर, सगळं मूळ आकाराला येतं, मग नव्याने बघा. मी तर दुसऱ्याची फाइल हातात आली की पहिलं काम हेच करते, सगळ्या स्लरना रीसेट मारते. सॉफ्टवेअरचा मूळ आकार बहुतेकदा हाताने ओढलेल्यापेक्षा चांगला निघतो.

आता हँडल

स्लरवर सहा हँडल असतात. दोन टोकांची, दोन खांद्यांची, एक कमानीच्या माथ्याचं आणि एक अख्खी कमान उचलून न्यायचं. मी यातली तीनच प्रकारची वापरते असं म्हटलं तरी चालेल.

कमान कशालातरी धडकतेय तर पहिल्यांदा माथ्याचं हँडल घ्या आणि वरचा बाण दोन-तीनदा दाबा. कमान दोन्ही बाजूंनी सारखी उंच होते. नव्वद टक्के काम इथेच होतं. धडक एकाच बाजूला असेल, म्हणजे कमानीखाली एकच नोट उंच उडी मारतेय, तर त्या बाजूचा खांदा घ्या आणि तेवढाच उचला. खांदा आडवाही सरकतो, टोकाकडे नेला की कमान तिथे पटकन चढते आणि वर सपाट होते. लांब स्लर, चार-पाच बारचे, मी असेच करते, टोकाला गोल आणि मधे जवळजवळ सपाट, नाहीतर घुमटासारखा डोंगर होतो आणि वरच्या ओळीत घुसतो.

टोकं सगळ्यात शेवटी, आणि जपून. स्लरचं टोक नोटच्या डोक्याच्या मध्यावर, त्याला न टेकता, साधारण अर्ध्या स्पेसच्या अंतरावर हवं. फार लांब गेलं तर कुठल्या नोटपासून सुरू होतंय ते कळत नाही. आणि टोक स्टाफच्या रेषेवर झोपू देऊ नका, बारीक टोक आणि काळी रेषा एकत्र आली की टोक दिसेनासंच होतं. त्याच्या वर किंवा खाली, मधल्या पांढऱ्या जागेत आणा. टायचं पण तसंच, माथा रेषेच्या बरोबर वर आला तर रेषा जाड झाल्यासारखी दिसते, एक-दोन दशांश स्पेस सरकवलं की सुटतं. मात्र टायची दोन्ही टोकं एकाच उंचीवर हवीत. टाय तिरका झाला की तो स्लर वाटायला लागतो, आणि मग वाचणाऱ्याच्या मनात पुन्हा तोच प्रश्न, एकदा का दोनदा.

स्टकाटोचा ठिपका (सूर तोडून वाजवायची खूण) किंवा टेनुटोची रेघ (सूर पूर्ण धरायची खूण) असेल तर ती नोटच्या डोक्याजवळ आणि कमान तिच्या बाहेरून. फर्माटा (सूर थांबवून धरायची खूण) मात्र स्लरच्या बाहेर. ट्रिपलेटचा (दोघांच्या जागेत बसवलेल्या तीन सुरांचा) तीन आणि स्लर जवळ आले की लोक तीनच्या वरची कमान स्लर समजतात, तिथे मी तीन पलीकडच्या बाजूला टाकते, एक्सनेच होतं.

काही अडचणीच्या जागा

दुसऱ्या फेरीचा बार, म्हणजे पहिल्यांदा एक शेवट आणि दुसऱ्यांदा वेगळा, आणि त्या वेगळ्या शेवटाची पहिली नोट मागून टायने येतेय. साध्या टी ने हे होत नाही कारण कागदावर तिची शेजारीण दुसरीच नोट आहे. म्यूझस्कोरच्या नवीन व्हर्जनमधे यासाठी अर्धवट टाय आणि अर्धवट स्लर आलेत, जुनं व्हर्जन असेल तर अपडेट करून घ्या, जुगाड करत बसू नका. सूर नुसता विरू द्यायचा असेल, गिटारवर वगैरे, तर त्यालाही पुढे कुठेच न जाणारा वेगळा टाय पॅलेटमधे आहे.

गाण्याचं नोटेशन करत असाल, भजन, अभंग काहीही, तर एक अक्षर तीन सुरांवर जातंय तिथे स्लर द्या आणि शब्द लिहिताना त्या अक्षरानंतर अंडरस्कोअर दाबत पुढे जा, खाली आडवी रेघ ओढली जाते. स्वरलिपीत आपण "ऽ" लिहितो तेच हे. शब्दांना देवनागरीचा चांगला फाँट लावा, आणि काना-मात्रा-वेलांटीमुळे शब्दांना इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते हे धरून चाला, स्लर खाली असेल तर तो वेलांट्यांत अडकतो. तिथे स्लर न हलवता शब्दांची ओळच थोडी खाली न्या.

पर्यायी बोइंग किंवा दुसऱ्या कडव्यापुरता स्लर असेल तर प्रॉपर्टीज पॅनलमधून तो तुटक करता येतो, एफ८ ने पॅनल उघडतं. आणि प्रत्येकाचा पार्ट वेगळा काढला की तो उघडून सगळं एकदा पुन्हा बघायचंच, कारण पार्टमधे ओळी वेगळ्या जागी तुटतात. हे मी कधीच सोडत नाही.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर विचार सगळा हाच, कीज वेगळ्या. सिबेलियसमधे स्लर एस आणि उलटवायला एक्सच, पण टाय नंबर पॅडवरच्या एंटरने. डोरिकोमधे टी आणि एस तेच, उलटवायला एफ, आणि आकाराची हँडल एन्ग्रेव्ह मोडमधे. लिलीपाँडमधे तर सगळं टाइपच करायचं, नोटनंतर ~ म्हणजे टाय, आणि स्लर ( पासून ) पर्यंत, तिथे तर गोंधळाला जागाच नाही. फिनाले हे सॉफ्टवेअर पुढे विकसित करणार नाही असं ते बनवणाऱ्या मेकम्युझिकने ऑगस्ट २०२४ मधे जाहीर केलं, त्यामुळे ज्यांच्याकडे जुन्या फाइल आहेत त्यांनी त्या म्यूझिकएक्सएमएलमधे, म्हणजे बहुतेक नोटेशन सॉफ्टवेअर उघडू शकतात अशा फाइलमधे, काढून ठेवा. टाय आणि स्लर त्यातून येतात, पण हाताने घडवलेले आकार बहुतेकदा येत नाहीत, म्हणून नवीन सॉफ्टवेअरमधे उघडल्यावर पहिल्यांदा टाय-स्लर अदलाबदल झालेत का ते तपासा, आकार नंतर.

जाडी आणि प्रिंट

आमच्याकडे कागद कसे फिरतात ते सांगते. मी एक प्रिंट काढते, कॉलेज रोडला त्याच्या झेरॉक्स होतात, एखादं मूल कागद हरवतं आणि दुसऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढतं. स्लर मधे जाड आणि टोकांना निमुळता असतो, आणि दोन झेरॉक्सनंतर ती निमुळती टोकं उडून जातात, कमान मधेच कुठेतरी तरंगते, सुरू कुठे झाली तेच कळत नाही. सिडकोवरून येणाऱ्या एका मुलाच्या कागदावर ध-प-ग चा स्लर नुसता प च्या डोक्यावर उरला होता, भुवईसारखा.

यावर एकेक कमान जाड करायची गरज नाही. फॉरमॅट मेनूत स्टाइल, त्यात स्लर्स आणि टाइजचं पान आहे. तिथे टोकाची जाडी, मधली जाडी आणि तुटक रेषेची जाडी वेगवेगळी देता येते. मधली आहे तशी ठेवा आणि टोकाची थोडी वाढवा, दोन-तीन शतांश स्पेस वाढवले तरी झेरॉक्सवर फरक दिसतो. खूप वाढवलं तर कमान केळ्यासारखी एकसारखी जाड होते आणि पान काळं दिसतं. त्याच पानावर टायची कमीत कमी लांबी पण आहे, दाटीच्या बारमधे टाय एवढासा ठिपका होऊन बसत असेल तर ती वाढवा, सॉफ्टवेअर नोट आपोआप थोड्या लांब ठेवतं. टाय डोक्यांच्या आत बसवायचा का बाहेर तेही तिथेच ठरतं. हे सेटिंग एकदा मनासारखं झालं की स्टाइल सेव्ह करून ठेवा, पुढच्या फाइलला लोड करता येते.

मग एक पान प्रिंट काढा आणि ते स्टँडवर ठेवून दोन पावलं मागे उभं राहून बघा. स्क्रीनवर दोनशे टक्के झूम करून सगळंच सुंदर दिसतं, स्टँडवरचा कागद हातभर लांब असतो. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक कमानीपाशी स्वतःला विचारते, टाय का स्लर, कुठून, कुठपर्यंत. जिथे उत्तर द्यायला अर्धा सेकंदही जास्त लागला तिथे खूण करते. आणि प्रिंट काढण्याआधी एकदा प्लेबॅक डोळे मिटून ऐकते, टायच्या जागी स्लर पडला असेल तर कानाला लगेच कळतं, तो ध दोनदा लागतो.

पुढच्या रविवारी नवीन कागद दिले. व्हॉट्सॲपवरचा जुना ट्रॅक डिलीट करून नवीन टाकला, आणि वर लिहिलं की जुना ज्यांनी डाउनलोड केलाय त्यांनी काढून टाका, तिसऱ्या बारला ध पुन्हा वाजवायचा नाहीये. तरी दोन मुलांच्या हातात तीन रविवार ते जुनंच बसलेलं होतं. त्यांच्या कागदावर मी टायखाली पेन्सिलने स्वरलिपीतली छोटी आडवी रेघ काढून दिली, "ध -", आणि तिथे मात्र त्यांनी बो थांबवला नाही.